खांबवाली बिनखांबी

तुम्ही कधी दोन दारांच्या गाडीत मागे बसलात का हो? नाही, हसू नका, मी खरंच विचारते आहे. म्हणजे पुढची सीट दुमडायची, मग आधी एक पाय आत घालायचा, मग डोकं, मग उरलेलं सगळं, आणि तेवढ्यात लक्षात येतं की पर्स बाहेर छपरावरच राहिली... बसलात कधी? बसला असाल तर मी काही सांगायलाच नको. आणि बसला नसाल तर देव तुमचं भलं करो, कारण पूर्वी तिथे बसण्यात मजा होती, आणि आता तिथे बसणं म्हणजे कपाटात बसणं. कपाटाला निदान स्वतःचं दार तरी असतं.

आणि हे सगळं कशामुळे? एका खांबामुळे. एवढासा खांब, हातभर उंच, वीतभर रुंद. तोही मी सोसला असता. मी सोसणारी बाई आहे, चोवीस वर्षं सासूच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. पण खांब आहे, डोळ्यांना दिसतोय, हात लावला तर हाताला लागतोय, आणि समोरचा माणूस टाय सारखा करत म्हणतोय, "बाई, ही खांबवाली बिनखांबी आहे."

खांबवाली बिनखांबी. तुम्हाला सांगते, मी शाळा पूर्ण केलेली आहे, इथे डेट्रॉईटजवळ वायनडॉटमध्येच, आणि भाषेत मला नेहमी चांगले मार्क असायचे, पण हे दोन शब्द असे मांडीला मांडी लावून बसलेले मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. उद्या तुम्ही लग्न झालेला ब्रह्मचारी दाखवाल. साखर घातलेली बिनसाखरेची कॉफी पाजाल.

पण थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझा नवरा म्हणतो तसं होईल. लेन म्हणतो, "बर्निस, तू गोष्ट सांगायला लागलीस की आधी शेवट येतो, मग मधलं येतं, आणि सुरुवात शोधायला माणूस पाठवावा लागतो."

तर आमच्याकडे एक गाडी होती. पासष्ट सालची, फिक्या हिरव्या रंगाची, दोन दारांची हार्डटॉप. आता आमच्या डेट्रॉईटच्या बाजूला शेंबड्या पोराला विचारलंत तरी ते सांगेल हार्डटॉप म्हणजे काय. छप्पर पक्कं, पत्र्याचं, पण बाजूला खांब नाही. दाराची काच खाली करा, मागची काच खाली करा, की पुढून पार मागेपर्यंत मध्ये काही म्हणजे काही नाही. नुसती हवा. छप्पर वर तरंगतंय असं वाटायचं. त्या गाडीत चार माणसं बसली ना, की येणाऱ्याजाणाऱ्याला ती केसापासून कोपरापर्यंत दिसायची, दुकानाच्या काचेत मांडल्यासारखी. म्हणून तर आमच्या चर्चमधल्या बायका रविवारी केस करून घ्यायच्या. घरात कोण बघतंय?

आणि त्या गाडीत बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. लेन स्टिअरिंगशी. मी त्याच्या शेजारी. आणि मागे, उजवीकडे, बुशा.

बुशा म्हणजे माझी सासू. रोझालिया स्टाहुरा, वय ब्याऐंशी. आमच्या पोलिश लोकांत आजीला बुशा म्हणतात, आणि मुलं झाली तेव्हापासून सगळं घरच तिला बुशा म्हणतं, अगदी पोस्टमनसुद्धा. घर तिचं. चूल तिची. पडदे तिचे. कोबीच्या पानांत भात भरायचा तर किती भरायचा हेही तिचं. मी चोवीस वर्षांत एक बरणी इकडची तिकडे केलेली नाही. पण गाडीत पुढची सीट माझी. ती कशी मिळाली तेही सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. लग्न होऊन चर्चमधून बाहेर आलो, आणि बुशा सवयीने पुढचं दार उघडून बसायला निघाली. तेव्हा माझे सासरे... देवमाणूस, आयुष्यात बायकोसमोर कधी बोलले नाहीत... ते म्हणाले, "रोझालिया, मागे. आता नवरी पुढे."

बुशा मागे गेली. आणि त्या दिवसापासून ती जागा माझी. समोरच्या कप्प्यात माझे नकाशे, माझ्या पेपरमिंटच्या गोळ्या, माझी हातरुमालांची घडी. जगात एवढीच दीड हात जागा जिथे मी मालकीण. विसरू नका हे.

बुशाची मागे काही तक्रार नव्हती बरं का. उलट. काच पूर्ण खाली, कोपर बाहेर, हातात जपमाळ, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. लाल दिवा लागला की शेजारच्या गाडीतल्या माणसाशी बोलायची. "गुडघ्याचं कसं आहे आता?" तो बिचारा अनोळखी, टोलेडोचा, तोही सांगायचा. काच मात्र उघडी हवी. जानेवारीत सुद्धा. का, तर ही एकोणीसशे बारा साली पोलंडहून आली ती जहाजाच्या तळाशी, चौदा दिवस, खिडकी नाही, वारा नाही, आणि शेजारच्या बाईचं तान्हं मूल रात्रंदिवस रडायचं, आणि तेराव्या दिवशी रडायचं थांबलं. तेवढंच सांगते ती. पुढे सांगत नाही. तेव्हापासून उघडत नाही अशा भिंतीशेजारी ती बसत नाही. चर्चमध्ये सुद्धा दाराजवळ बसते. फादरना वाटायचं ही लवकर पळायला बघते.

तर ती हिरवी गाडी अकरा वर्षं चालली, आणि मग मिठाने खाल्ली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ खालून गाडी कुरतडत जातं, उंदरासारखं. शेवटी बुशाच्या पायाखालीच भोक पडलं. लेनने त्यावर माझा केक भाजायचा ट्रे ठोकला. माझा. बुशाचे सात आहेत. बुशा म्हणते, "राहू दे की उघडं, खालूनही हवा येते."

या वसंतात मधला पत्राच खचला आणि गाडी संपली. नवी घेणं आलं. आणि ऑक्टोबरच्या आत घेणं आलं, कारण ऑक्टोबरच्या मध्यावर याजाचा नामदिवस. याजा म्हणजे बुशाची थोरली बहीण, क्लीव्हलँडला असते. आमच्यात वाढदिवसाला कोण विचारत नाही, पण ज्या संताचं नाव ठेवलं त्या संताचा दिवस चुकवायचा नाही. चाळीस वर्षं बुशा त्या दिवशी बहिणीकडे गेली आहे. या वर्षी याजा अंथरुणावर. तिच्या सुनेनं फोनवर मला हळूच सांगितलं, "बर्निस, पुढच्या वर्षावर ठेवू नका." मी बुशाला हे बोलले नाही. पण बुशाने त्याच दिवशी खसखशीची पोळी भाजायची तयारी काढली, ऑगस्टमध्ये. आता तुम्हीच काय ते समजा.

मी म्हटलं, लेन, चार दारांची घेऊ या सरळ. मागे दार असतं, दाराला काच असते, काच खाली जाते. तर हा माणूस माझ्याकडे बघतो जणू मी म्हटलं घोडा घेऊ. "चार दारांची गाडी म्हणजे मयताची गाडी," म्हणाला. "माझी आई तिच्यातून एकदाच जाणार आहे. आत्ता नाही."

आता यात त्याचा हट्ट आहे, पण नुसता हट्ट नाही, आणि इथेच माझी पंचाईत होते. लेन बावीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात दारांच्या काचा बसवतो. खांब नसला की काच कशाला टेकणार? हवेला? दाराची काच आणि मागची काच एकमेकींना अशा भिडाव्या लागतात की पाणी शिरणार नाही, वारा शीळ घालणार नाही. केसभर चुकली की ती गाडी जन्मभर रडते. लेन काच वर करायचा, चर्चच्या पत्रकाची एक पट्टी मध्ये धरायचा आणि ओढायचा. पट्टी सुटली तर काच परत. मग तळहाताने एक थाप, कान लावायचा, स्क्रू पाव फिरवायचा. कारखान्यात त्याला म्हणायचे 'दाई'. कारण हात लावून सांगायचा, आत काय आहे ते.

आणि मग खांब आले. एकामागून एक. कुणी म्हणालं, गाडी उलटली तर छप्पर बसतं, सरकार नियम करणार आहे. लेन म्हणतो, सरकारनं नियम केलाच नाही, पण कंपन्यांनी खांब मात्र आधीच उभे केले, पाहुणा यायच्या आत पंगत वाढून मोकळे. कुणी म्हणालं, आता गाडीतच गार हवेचं यंत्र आहे, काचा उघडतो कोण? आणि मागच्या काचेच्या जागी आलं एक भोक. ताटलीएवढं. न उघडणारं. त्याला नाव काय, तर ऑपेरा खिडकी. लेनला आता ती बसवायला दिली आहे. रबर लाव, दाब, पुढची आण. एके दिवशी घरी येऊन जेवता जेवता म्हणाला, "बर्निस, आज मी दिवसभर पोस्टाची तिकिटं चिकटवली." आणि बटाटा पुढे सरकवला. लेन बटाटा टाकत नाही कधी.

तर त्याच्या कंपनीत त्या मापाची हार्डटॉप मिळेना. आणि जुलैत त्याला सापडलं पलीकडच्या कंपनीचं माहितीपत्रक. पलीकडची म्हणजे वैऱ्याची हो. त्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं: हार्डटॉप. दोन दारं. चित्रात एक बाई, पांढरे हातमोजे, एक कुत्रा. लेनने ते पत्रक उशाशी ठेवलं. मी म्हटलं, अरे, वैऱ्याची गाडी घेऊन कारखान्यात जाणार? तुम्हाला माहीत नसेल, पण आमच्याकडे आपल्या कंपनीची गाडी फाटकाजवळ लावायची, आणि दुसऱ्या कंपनीची असेल तर पार नदीकडच्या कुंपणापाशी. अर्धा मैल चालत या, आणि सगळे बघतात. लेन म्हणाला, "चालेन. आईसाठी चालेन."



प्रत्यक्ष गाडी न बघता मागवली. हो. बावीस वर्षं काचा बसवणाऱ्या माणसाने. मी विचारलं, बघून नको का घ्यायला? तर म्हणे, "बघायचं काय? हार्डटॉप म्हणजे हार्डटॉप. शब्द आहे तो." शब्दावर विश्वास ठेवला त्याने. त्याच्या जगात तो शब्द खोटा असूच शकत नव्हता, जसा पाव म्हटल्यावर पावच येतो.

सप्टेंबरच्या शेवटी गाडी आली. आम्ही दोघं आणायला गेलो. दुकानातला विक्रेता, डुएन प्रुइट त्याचं नाव, चौकड्यांचा कोट, अंगाला अत्तर एवढं की मला शिंक आली. गाडी उभी होती, काळपट तांबडी, चकचकीत. लेन तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. मग दारामागच्या जागेवर हात ठेवला. मग दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथेही ठेवला. डॉक्टर पोट दाबतात ना, तसा.

"हा खांब आहे," लेन म्हणाला.

"हो साहेब," प्रुइट म्हणाला.

"मी हार्डटॉप मागवली होती."

"हार्डटॉपच आहे, साहेब. खांबवाली हार्डटॉप."

मी मध्ये पडले. मी म्हटलं, अहो, हार्डटॉप म्हणजेच खांब नसलेली ना? तर तो माझ्याकडे वळला, आवाज मऊ केला, लहान मुलाला औषध देताना करतात तसा. "म्हणजे असं बघा बाई, खांब आहे, पण ढंग बिनखांबी आहे. भावना बिनखांबी आहे. खांबवाली बिनखांबी."

"भावनेतून वारा येतो का?" मी विचारलं.

त्याने पत्रक काढून दाखवलं, आणि तुम्हाला सांगते, खोटं नाही बोलला तो. हार्डटॉपच्या आधी, केसासारख्या बारीक अक्षरात, होता तो शब्द. खांबयुक्त. आणि चित्रात खांब कुठे होता? कुत्र्याच्या मागे. लेनने ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. पैसे भरलेले, जुनी गाडी भंगारात गेलेली. मी म्हटलं, आणि ही मागची खिडकी? उघडते? प्रुइट म्हणाला, "ती ऑपेरा खिडकी आहे, बाई. शोभेची." मी म्हटलं, आमच्या सासूबाई ऑपेराला जात नाहीत, क्लीव्हलँडला जातात.

घरी बुशा रुमाल बांधून दारापुढच्या ओट्यावर तयार. आम्ही सीट दुमडली, ती आत शिरली, टेकली, उजवीकडे हात नेला... आणि हँडल शोधायला लागली. चाचपतेय, चाचपतेय. हँडलच नाही. त्या भोकाला बोट लावलं. मग म्हणाली, "लेनर्ड, मला बाहेर काढ." ओरडली नाही. पण चेहरा असा पांढरा झाला होता की लेनने तिला जवळजवळ उचलूनच काढलं. ओट्यावर बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "गाडी छान आहे. तुम्ही दोघं जा. याजाला पोळी द्या."

त्यानंतरचे दोन आठवडे आमच्या घरात जे चाललं त्याला काय म्हणावं? लेन सकाळी कुंपणापासून अर्धा मैल चालत कामावर, तिथे कुणीतरी काचेवर चिठ्ठी लावायचं, 'दाई, वाट चुकलीस का?', संध्याकाळी अर्धा मैल चालत परत. रोज नवी युक्ती. मागची काच फोडून जाळी लावू. पंखा लावू. मी म्हटलं, बसने पाठवू. तर लांबच्या बसच्या काचाही आता उघडत नाहीत. शेजारच्या हेलनची चार दारांची मागू म्हटलं, तर पुन्हा मयताची गाडी. आणि बुशा? रोज खसखस निवडायची. तीच खसखस. मी तिच्याकडे बघायची, ती माझ्याकडे बघायची, आणि मी नजर वळवून भांडी घासायला घ्यायची. स्वच्छ भांडी.

का, तर सांगते. आता सांगूनच टाकते. मला पहिल्या दिवशीच सुचलं होतं. प्रुइटच्या दुकानातच, तो भावना भावना करत होता तेव्हाच. पुढच्या दाराची काच पूर्ण खाली जाते. पूर्ण. इतकी साधी गोष्ट आहे ही, की काचा बसवणाऱ्या माणसाला सुचली नाही, कारण त्याच्या डोक्यात आई मागेच बसते, जसं छप्पर वर असतं. पण मला सुचली होती. आणि मी दोन आठवडे गप्प बसले. रोज म्हणायची, उद्या बोलू. मग डोळ्यांसमोर माझा कप्पा यायचा. माझे नकाशे. "आता नवरी पुढे." पन्नाशीला आलेली नवरी, तुम्ही म्हणाल. हो. पण माझी तेवढीच जागा होती ना.

शुक्रवारी संध्याकाळी, पाचचा सुमार, मी मासे तळत होते, आणि गॅरेजमधून आवाज आला. खर्र... खर्र... गेले धावत, हातात झारा. तर लेन गाडीत गुडघ्यावर, खांबावर खडूच्या खुणा, आणि हातात पत्रा कापायची करवत. कोऱ्या गाडीला. चर पडला होता सुद्धा, नखाएवढा.

मी म्हटलं, लेन, काय करतोस?

"हार्डटॉप करतोय," म्हणाला.

"आणि छप्पर?"

"बघू."

"रस्त्यात खाली बसलं तर?"

"मग ती उघड्या गाडीतून जाईल. तिला आवडेल." आणि परत करवत लावली. आणि मग हात थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बर्नी, एवढी एक गोष्ट मला येत होती गं. बावीस वर्षं, शेकडो लोकांच्या आयांना वारा मिळेल अशा काचा बसवल्या. माझ्या आईला नाही देता येत."

मासे मागे जळत होते, वास येत होता. मी झारा धरून उभी. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "बुशा पुढे बसेल. मी मागे बसते."

लेनने करवत खाली ठेवली. पुढच्या दाराकडे बघितलं, काचेकडे बघितलं, हँडल फिरवलं, काच सरसर खाली गेली, पूर्ण. पुन्हा वर. पुन्हा खाली. असा चेहरा की जणू काच खाली जाते हे आजच कळलं. "हे तुला आत्ता सुचलं?" म्हणाला. मी म्हटलं, हो, आत्ताच. मासे जळतायत. आणि पळाले.

स्वयंपाकघरात बुशाने मासे उतरवले होते. मी धीर करून म्हटलं, बुशा, उद्या तुम्ही पुढे बसा. तुमची पाठीची उशी कुठे आहे, पुढे नेऊन ठेवते.

"ठेवली आहे," बुशा म्हणाली.

"कुठे?"

"पुढच्या सीटखाली. गाडी आली त्या दिवशीच." माशातला काटा काढायला घेतला तिने. "तू बोलशील म्हणून थांबले होते, पोरी. मी आपण होऊन बसले असते तर तुझी जागा घेतली असं झालं असतं."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तर गेले नसते," म्हणाली, आणि मला काटा काढलेला तुकडा दिला.

आता यावर रागवायचं कुणावर सांगा? बुशावर? लेनवर? प्रुइटवर? का त्या कुत्र्यावर? चांगली उघडी गाडी होती, पुढून मागेपर्यंत वारा होता, आम्ही तिघंही आपापल्या जागी सुखी होतो. कुणी तरी, कुठे तरी, टेबलाशी बसून एक रेघ मारली, आणि ती माझ्या संसारातून गेली. वर म्हणे खांबवाली बिनखांबी.

मी रात्री माझा कप्पा रिकामा केला. नकाशे लेनकडे दिले. पेपरमिंटच्या गोळ्या तेवढ्या स्वतःजवळ ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बुशा पुढे बसली, तिने काच पूर्ण खाली केली, मी पोळी मांडीवर घेऊन मागे बसले, आणि आम्ही क्लीव्हलँडला निघालो.